पाटावर बसलेलं पिस्तूल

या, जरा अलीकडं सरका बघू. लग्नाला जाता, पंगतीला बसता, सुपारी चघळत घरी येता. पण कार्यालयाच्या दाराशी कोण बसलंय ते कधी बघत नाही. डोळे आहेत का बटणं? त्या दारातल्या एका माणसाचं सांगते, ऐका.

"पावणं, कमरंचा देव हितं बसवा, मग आत चला." असं म्हणून तो हात जोडायचा. कमरेचा देव म्हणजे परवान्याचं पिस्तूल. कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयाचा तो व्यवस्थापक. सगळे त्याला मामाच म्हणायचे. मी तिथंच स्वयंपाकघर सांभाळायची.

कुणाच्या तरी वरातीत हौसेनं हवेत झाडलेली गोळी सनईवाल्याच्या खांद्याला चाटून गेली, तेव्हापासून मामानं नियम केला, की आत हत्यार न्यायचं नाही. पाटीही लावली. पण पाटी वाचून कोण ऐकतंय? शिरोळकडची ऊसवाली वजनदार मंडळी ती! पिस्तूल मागितलं की त्यांचा मानपान निघायचा.

मग मामानं खंडेनवमी आठवली. त्या दिवशी पूजेला मांडलेला कोयता आपण दसऱ्यापर्यंत उचलतो का? नाही ना? तसंच हे. दाराजवळच्या खोलीत पाट मांडायचा. गोळ्या ज्याच्या त्याच्या खिशात, पिस्तूल पाटावर. वर हळदकुंकू, झेंडूचं फूल. "झाली पूजा. आता पंगत उठंस्तवर हात लावायचा न्हाय." पाटीला न जुमानणारी माणसं पाटापुढं चप्पल काढायची!

पण देव बसवला की राखण आली. लग्न लागायचं आत, मामा बसायचा पाटापाशी. त्याचं ताट मीच घेऊन जायची.

"अक्का, नवरी कशी हाय?"

"हाय की, नवरीसारखी."

"तसं न्हवं गं. हसती का?"

आतून मंगलाष्टकं ऐकू आली की हा मुठीतल्या अक्षता त्या पिस्तुलांवरच टाकायचा. "घ्या, तुमचंबी उरकलं!"

एकदा शिरोळकडचे असेच एक पाहुणे आले, नवरीचे काका. कुरकुर करत त्यांनी पिस्तूल पाटावर ठेवलं. अक्षता पडायच्या आधीच दारात ओरडा झाला. मोटरसायकलवरच्या दोघांनी काकांच्याच बायकोच्या गळ्यातलं गंठण ओढलं. काका धावत खोलीत आले, खिशातल्या गोळ्या चाचपत वाकले. मामानं पिस्तुलावर पंजा ठेवला.

"पंगत उठली न्हाय अजून, पावणं."

"बाजूला हो! माझ्या बायकूचं गंठण गेलं!"

"दाराम्होरं बँडवाली पोरं हाईत. तुमची मानसं पळायल्यात. कुनाला लागंल?"

काकांचा हात कुंकवापाशी थबकला. तोवर गाडी गेली. गंठण गेलं ते गेलंच, खोटं कशाला सांगू? काकांनी भर मांडवात मामाला फैलावर घेतलं, "तुझ्या पाटापायी माझं हात बांधलं! चोरानं काय तुझी पूजा केलती व्हय?"

कार्यालयाच्या मालकांनी ते ऐकलं. संध्याकाळी म्हणाले, "गिऱ्हाईक तुटतंय. उद्यापासनं पाट बंद. न्हाईतर तू बंद."

मामा पाट घेऊन माझ्याकडं आला. "अक्का, ह्याच्यावर तुझं पिठाचं डबं ठेव." हसला, पण जेवला नाही. पुढं महिनोन् महिने बाप्ये कमरेला पिस्तूल लावून पंगतीत बसले. मामा मात्र प्रत्येक वरातीत बँडवाल्या पोरांपुढं जाऊन उभा राहायचा. जणू गोळी त्याला विचारून येणार होती!

मग एक दिवस तेच काका आपल्या लेकीच्या लग्नाची तारीख धरायला आले. मालक कौतुकानं सांगायला लागले, "आता आमच्यात तसली अडवणूक न्हाय बरं का."

"पाट न्हाय?" काका म्हणाले. "मग मी दुसरं कार्यालय बघतो."

काका मामाकडं वळले. "त्या दिवशी चोरांच्या गाडीमागं सगळ्यात फुडं माझा पुतण्या पळत हुता. मला दिसलाच न्हवता ओ."

मी डबे खाली उतरवले. पाट घासून दिला.

लग्नादिवशी काकांनी सगळ्यांआधी आपलं पिस्तूल पाटावर ठेवलं. लेकीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या आणि तडक खोलीत आले. "उठा मामा. मी बसतो हितं. शेवटचं मंगलाष्टक चाललंया, जावा."

मामा मांडवात खांबाला टेकून उभा राहिला. बघत राहिला नुसता. सगळीकडून तांदूळ उडाले, याची मूठ मिटलेलीच. परत आल्यावर मी विचारलं, "काय मामा, हसती का नवरी?"

"रडत हुती गं," तो म्हणाला, आणि स्वतःच डोळे पुसले. मुठीतल्या अक्षता माझ्या हातावर ठेवल्या.

मामा आता नाही. दाराशी नवी पाटी आहे, पिस्तुलावर लाल फुली मारलेली. चांगली आहे, असावी. पण तिला कुणी ताट नेऊन देत नाही, आणि ती कुणाला नवरी कशी आहे म्हणून विचारत नाही.

पाट माझ्याकडंच आहे. या एकदा जेवायला, लवकर या. त्याच्यावरच बसवते तुम्हाला.