सात नंबरचा पितळी स्क्रू

जगात दोन वस्तू अगदी सारख्या असू शकतात, ही गोष्ट माझे साडू सोडून पृथ्वीवरच्या सगळ्यांना मान्य आहे. एका साच्यातून निघालेल्या दोन विटा त्यांच्यापुढे ठेवा, ते तासभर न्याहाळतील आणि ‘ही आधीची, ही नंतरची’ असा निकाल देऊन मोकळे होतील. हे गृहस्थ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहतात देवरीला. सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. विम्यासाठी गायीबैलांचं वर्णन लिहायचं: रंग, शिंगं, शेपटीचा गोंडा, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, अंगावरील खुणा. निवृत्त झाले आणि बैलांच्या जागी कॅमेरे आले, एवढाच काय तो फरक. तेही एकाच जातीचे, रशियन बनावटीचे जुने रेंजफाइंडर, रीळ घालायचे. खिडकीतून पाहिलं की समोरचा माणूस दोनदा दिसतो. कडं फिरवत दोघांना एकमेकांवर आणून बसवलं की फोकस जमला. कारखान्याने हा कॅमेरा वर्षानुवर्षं काढला आणि काढता काढता गुपचूप बदलत नेला. कधी बटणाचे दाते बदलले, कधी आकड्यांचं वळण, कधी एखादा स्क्रू. हे गुपचूप बदल पकडण्यात साडूंना जो आनंद होतो, तो मी लग्नघरातसुद्धा पाहिलेला नाही!

असे अकरा कॅमेरे त्यांच्या कपाटात आहेत. मला ते अकराही सारखेच दिसतात, पण तसं बोलून दाखवण्याची चूक मी एकदाच केली. लगेच मला ओसरीत बसवून त्यांनी दोन कॅमेरे पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, “सांगा फरक.” मी चहा गार होईपर्यंत पाहिलं आणि शेवटी म्हणालो, “दोघांचीही तब्येत बरी दिसते.” साडू कळवळलेच. “साडूभाऊ, तुमाले देवानं डोरे कायले देले? याचे दाते पाहा, अन् याचे पाहा! आंधळ्यालेही हातानं समजते!” प्रत्येक कॅमेऱ्याचं एक पान आहे, आणि तेही दवाखान्यातल्या जुन्या नमुन्याबरहुकूम आखलेलं. ‘शिंगे’ या रकान्यात रीळ फिरवायच्या बटणाचं वर्णन, ‘वशिंड’ या रकान्यात डोक्यावरच्या खाचेचं. ‘दररोजचे दूध’ हा रकाना मात्र त्यांनी प्रामाणिकपणे कोरा ठेवला आहे. मेहुणीबाईंचं म्हणणं वेगळं. “अकरा कॅमेरे हायेत घरात, अन् माहा फोटो मोबाइलवर काढून राह्यले!”

एकदा दरेकशाला एका ओळखीच्यांकडे आम्ही दोघं समाचाराला गेलो होतो. कोनाड्यात गेलेल्या म्हाताऱ्याचा कॅमेरा होता. साडू तिकडे गेले, वाकले, चष्मा लावला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. घरच्यांना वाटलं, माणूस फारच हळवा. एका आजीबाईने पाणी आणून दिलं. साडू माझ्याकडे वळले तेव्हा डोळ्यांत खरंच पाणी होतं. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “साडूभाऊ, दुसऱ्या टाइपचा हाय! अस्सल!” मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं.

सात नंबरचा कॅमेरा मात्र त्यांच्या वडिलांचा. वडील शाळामास्तर, अत्यंत कडक. “माझ्या हातून आजवर पाण्याचा पेलाही पडलेला नाही,” हे त्यांचं लाडकं वाक्य होतं. ते नेहमी साडूंना उद्देशून असे, कारण साडूंच्या हातून लहानपणी सारखं काहीतरी पडायचं: पाटी, कंदिलाची काच, एकदा भरलेली दुधाची चरवी. त्यामुळे वडील असेपर्यंत त्या कॅमेऱ्याला हात लावायची सोय नव्हती. ते गेल्यावर साडूंनी तो प्रथमच निरखून पाहिला आणि खिडकीखाली एक बारीक पितळी स्क्रू सापडला! बाकी सगळ्यांना तिथे काळा, चपटा. साडूंनी फोटो काढून इंटरनेटवरच्या एका परदेशी जाणकाराला पाठवले. इंग्रजी माझं. त्याचं उत्तर आलं: कॅमेरा कधीच दुरुस्तीला उघडलेला नसेल, तर हा आजवर कुणी न पाहिलेला प्रकार आहे, तसं नक्की कळवा, प्रकारांच्या यादीत तुमच्या नावाने नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने साडू गोंदियाला माझ्या दारात हजर! कॅमेरा दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरलेला. “यादीत नाव, साडूभाऊ! देवरीचं नाव!” मी म्हटलं, मग कळवून टाकू. तर मान हलवून म्हणाले, “जनावर पाह्यल्याबिगर मी कधी सही केली नाई. इथं घड्याळवाल्याले इचारून घेऊ.” साडूंच्या वडिलांच्या काळी गोंदियात कॅमेरे उघडणारा तो एकच माणूस होता. आता पार म्हातारा झालाय, तरी बाजारातल्या दुकानात बसतो.

म्हाताऱ्याने डोळ्याला भिंग लावलं आणि लगेच हसला. “अरे, ये पेंच तो मेरा है! दीवार घड़ी का. मास्टरजी लाए थे, देवरीवाले. कचारगढ़ की चढ़ाई में हाथ से छूट गया था. बोले, भैया, घर में किसी को मालूम नहीं पड़ना चाहिए.”

यादी गेली, देवरीचं नाव गेलं. साडू मात्र पुढे सरकून विचारत होते, “हातातून? त्यांच्याच हातातून?” म्हाताऱ्याने हो म्हटलं. साडूंनी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की, दुकानातल्या गिऱ्हाइकाला वाटलं असेल, यांना लॉटरी लागली!

देवरीच्या बसची वाट बघत आम्ही स्टँडवर बसलो. “लिवा त्याले,” साडू म्हणाले. मी मोबाइलवर लिहिलं: हा वेगळा प्रकार नाही, स्क्रू दुरुस्तीतला आहे, क्षमस्व.

“अन् लिवा, माह्या बाबाच्या हातून पडला होता.”

“त्याला ते कशाला हवंय?”

“लिवा न, साडूभाऊ.” ते समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत होते. आवाज खाली आणून म्हणाले, “मले सारी जिंदगी वाटे का, आमच्या घरात वस्तू फक्त माह्याच हातून पडते.”

मी बाबांच्या हातून पडल्याचं वाक्य लिहिलं, त्यांना मराठीत वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं.