धसकटांसकट लिवा

लग्नपत्रिका हातात दिली तरी कोतवालकाका ती पार छापखान्याच्या नावापर्यंत वाचत. चहा निवून जाई, आमंत्रण द्यायला आलेला माणूस चुळबुळ करी, पण काकांचं बोट आपलं ओळीओळीवरून सावकाश फिरत राही. आई म्हणायची, "मुहूर्त टळेल, पण ह्यांचं वाचून व्हायचं नाही." सरावली गावात आमच्या चिकूच्या वाडीला लागूनच त्यांचं घर. तलाठ्याच्या हाताखाली उभा जन्म काढून निवृत्त झालेले, अंगाने काडी, आवाज मात्र दवंडी पिटणाऱ्याचा.

गावात कुणाच्या दारात सरकारी जीप थांबली की काका पायात चपला सरकवून निघत. भांडत नसत. जप्तीचा पंचनामा चालू असेल तिथे पायरीवर बसून म्हणत, "न्यायचं ते न्या सायेब, पण जे हाय ते लिवा." कागदावर नाही ते जगात नाही, असं त्यांचं ठाम मत. मला तो म्हातारपणाचा चाळा वाटायचा. खोटं कशाला सांगू, मी हसायचेसुद्धा.

मग एका उन्हाळ्यात आमचाच ट्रॅक्टर धरला. भातखाचरातली माती ओढून चिकूच्या बुंध्याशी घालायची, ही आमची पिढ्यांची रीत. बाबा तीच माती ट्रॉलीत भरून रस्ता ओलांडत होते, तेवढ्यात महसूलच्या पथकाने त्यांना अडवलं. पंचनाम्यात लिहिलं, 'विनापरवाना मुरूम'. बाबा भिडस्त, साहेब म्हटलं की लगेच 'हो' म्हणत. त्यांनी सहीसाठी पेन हातात घेतलंसुद्धा. ती सही झाली असती तर ट्रॅक्टर पावसाळाभर तहसीलच्या आवारात गंजत पडला असता आणि आमची नांगरणी बुडाली असती.

काकांनी बाबांच्या हातातलं पेन काढून घेतलं. कागद वाचला, अर्थात पूर्ण. मग त्या वयात ट्रॉलीवर चढले आणि मूठभर माती आणून जीपच्या बॉनेटवर ठेवली.

"सायेब, ही भाताची धसकटं. मुरमात भात उगवतो काय?"

"आजोबा, तुम्ही मध्ये पडू नका."

"नाय पडत. धसकटांसकट लिवा आन् खुशाल न्या ट्रॅक्टर. रस्ता मीच दावतो."

एव्हाना माणसं जमली होती. साहेबांनी तोंड वाकडं करत लिहिलं. ट्रॅक्टर त्या दिवशी गेलाच, पण त्या एका ओळीच्या जोरावर दहाव्या दिवशी सुटून आला. चाकावर हात ठेवून बाबा रडले. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

मी पेढे घेऊन काकांकडे गेले. त्यांनी हात पुढे केला नाही. अंगणाकडे बघत म्हणाले, "उधव्याला एका बाईची शिलाई मशीन जप्त केली व्हती, नवऱ्याच्या वसुलीत. ती रडून सांगत व्हती, ही माझ्या आईने दिलीय. कुणी लिवलं नाय. कोऱ्या कागदावर पंच म्हणून माझी सही हाय, पोरी. आन् मशीन उचलून जीपमध्ये मीच ठेवली."

त्या दिवसापासून मी त्यांना हसले नाही.

काका जाऊन दोन वर्षं झाली. परवा वरोरला मावशीकडे गेले होते. शेजारच्या कोळ्याची होडी धरायला सरकारी माणसं आली. होडीवाला काहीतरी सांगत होता, कुणी ऐकत नव्हतं. पंच कमी पडतोय म्हणून मला हाक मारली आणि पुढे केला तो कागद कोरा होता. "खाली सही करा मॅडम, वरचं आम्ही नंतर भरतो."

अगदी बाबांसारखं मी पेन हातात घेतलंसुद्धा. मग तिथल्याच पायरीवर बसले आणि म्हटलं, "आधी हा काय सांगतोय ते लिहा."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "वकील आहात काय?"

"नाही. कोतवालकाकांची शेजारीण आहे," मी म्हटलं. "लिवा, सायेब."