प्रत्येक गिऱ्हाईक भवानीचं

चनबसप्पा काकांनी एक वाक्य सरळ लिहून दाखवावं, मी माझं ऑफिस त्यांच्या नावावर करून देते!

उभा जन्म टॉवेल-चादरीच्या दुकानात गेला माणसाचा. गुडघे कुरकुरायला लागले तसं मालक ईश्वरप्पांनी त्यांना गल्ल्यावरून उठवलं आणि माझ्याकडे धाडलं. "सिद्धेश्वरी, घरी बसवला तर हा माणूस अंथरूण धरंल. तुझ्या त्या मशिनीला दुकानदारी ह्यालाच शिकवू दे."

मशीन म्हणजे एआय एजंट. गिऱ्हाइकानं मोबाईलवर 'टॉवेल पाठवा' लिहिलं की तो ऑर्डर घेतो आणि माल सोडायच्या आधी मी केलेल्या टूलला विचारतो, पैसे आले का? टूल सांगतं: आले, नाहीतर अडकले. पण टूलला कधी विचारायचं, उत्तराचा अर्थ काय, पुढं काय करायचं, हे सगळं एजंटाला लिहून द्यावं लागतं. ह्यालाच डॉक्युमेंटेशन म्हणतात. एजंट ते वाचतो आणि तंतोतंत तसाच वागतो.

मी काकांना म्हटलं, "अडकले म्हणजे थांबायचं, एवढंच लिहा." काकांनी लिहिलं: 'पैसे अडकल्यास गिऱ्हाइकास तसे तोंडावर बोलू नये. बसा म्हणावे. पाणी विचारावे. घरची खुशाली घ्यावी.'

"अहो काका, गिऱ्हाईक मोबाईलवर आहे! बसणार कुठं?"

"जितं हाय तितं बसंल की. तुजं काय जातंय?"

झालं! बार्शीच्या एका लॉजवाल्याला एजंटानं भर दुपारी विचारलं, पाणी घेणार का? त्यानं लिहिलं, गार असेल तर पाठवा. एजंट म्हणाला, क्षमस्व, गार पाणी स्टॉकमध्ये नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. ईश्वरप्पा मात्र हसून हसून बेजार झाले, म्हणून मीही गप्प बसले.

तिथंच फावलं काकांचं. मला न विचारता त्यांनी खाली आणखी एक ओळ घातली: 'पहिले गिऱ्हाईक भवानीचे. पैसे अडकले असले तरी त्यास रिकाम्या हाताने परत पाठवू नये.'

आता दुकान उघडल्यावरची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती परत गेली की दुकानदाराचं तोंड दिवसभर उतरलेलं, हे कुणाला सांगायला नको. पण एजंट प्रत्येक गिऱ्हाइकाशी कोऱ्या पाटीनं बोलायला बसतो. मागचं त्याला काही म्हणता काही आठवत नाही. त्याच्या लेखी जो आला तो पहिलाच! सकाळी भवानी, दुपारी भवानी, दिवेलागणीला भवानी. 'तुम्ही आमची आजची भवानी आहात' असं प्रत्येकाला कळवत पठ्ठ्या माल सोडत सुटला.

गोडाऊनमधल्या थप्प्या खाली आल्या तेव्हा ईश्वरप्पा धापा टाकत माझा जिना चढले. "यप्पा! कुणी लिहिलं हे?"

काकांनी हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.

"शनिवारी संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं 'आले' दिसलं पाहिजे," ईश्वरप्पा म्हणाले. "एकाचं जरी अडकलेलं दिसलं, तर चनबसप्पा, तू आपला घरी."

ते गेल्यावर मी काकांवर तोंड सोडलं. "उधारीवर भवानी करतं का हो कुणी?"

"छ्या! भवानी आन् उधारीवर? रोकच लागती."

"मग ते का नाही लिहिलं?"

"ते काय लिवायचं? शेंबड्या पोरालाबी ठावं हाय."

"ह्याला नाही ना ठाऊक!"

काकांनी कॉम्प्युटरकडं बघितलं. त्यांना खरंच वाईट वाटलं. "आईबाप न्हाईत व्हय गं ह्याला?"

त्यांनी ती ओळ मुकाट्यानं लिहिली. गेलेल्या मालाचं काय, ह्या काळजीनं मला अन्न गोड लागेना. पण गंमत बघा, पैसे आपसूक यायला लागले. एजंटाला ठाऊक नव्हतं ते गिऱ्हाइकांना होतं. दुसऱ्याची भवानी उधारीवर ठेवून कुणाला चैन पडतंय? करमाळ्याचे आले, बार्शीच्या लॉजवाल्याचेही आले. शनिवारी एकच उरला, करकंबचा मंगल कार्यालयवाला रामहरी. त्याच्यापुढं 'अडकले'. फोनही लागेना.

काकांनी डबा उघडला नाही. स्क्रीनसमोर हात जोडून बसल्यागत बसले. मीच सारखी टूलला विचारत होते. अडकले. अडकले. स्वतःच केलेलं टूल जिन्यावरून फेकून द्यावंसं वाटलं मला!

पाचाला ईश्वरप्पा आले. त्यांनी स्क्रीन बघितली आणि मान हलवली. काका चष्मा डबीत ठेवायला लागले. तेवढ्यात दारात एक घामाघूम माणूस उभा राहिला.

"ईश्वरप्पा शेट हितं हायत का? दुकानात म्हनले वर गेलेत. मी रामहरी, करकंबचा. त्या मोबाईलातनं पैसं जाईनात बगा, आन् त्याचं चार्जिंगबी मेलं. तुमच्या मशिनीनं भवानी म्हनलं मला! मग काय, बसलो यष्टीत." आणि त्यानं नोटा ईश्वरप्पांच्या हातात ठेवल्या.

ईश्वरप्पांनी पुन्हा स्क्रीनकडं बघितलं. रोखीचं टूलला काय कळणार! "ह्यात तर अजून अडकलेलंच दिसतंय," ते हट्टानं म्हणाले.

काका हळूच म्हणाले, "मालक, तुमच्या हातात काय हाय मग?"

ईश्वरप्पांनी नोटा सारख्या केल्या आणि भर संध्याकाळी, सकाळच्या पहिल्या विक्रीच्या लावतात तशा, दोन्ही डोळ्यांना लावल्या.

"सोमवारी रोखीचंबी लिहून काढ," ते काकांना म्हणाले. "आन् वेळेवर ये."