मधल्या माणसाची जिलबी

रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण: आमचं जळगाव जामोदचं वाचनालय. हजर: चिटणीस म्हणून मी, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तरसाहेब, वाचनालयाला द्यायची त्यांच्या दिवंगत पत्नीच्या पुस्तकांची कुलूपबंद पेटी आणि माझा मावसभाऊ.

या मावसभावासारखा माणूस सातपुड्याच्या अलीकडे दुसरा नाही. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा हा गृहस्थ जगातल्या कुठल्याही ओळीकडे दोन्ही टोकांकडून पाहतो आणि काळजी मात्र मधल्याची करतो. पंगतीत वाढपी दोन्हीकडून निघाले, की हा हटकून मध्ये बसतो. “ताई, टोकाच्याले कोनीबी वाढते. मधातल्याले जिलबी भेटली, तरच व्यवस्था पास!” संग्रामपूरच्या एका लग्नात याला जिलबी भेटली नाही. यानं वधूपित्याला आकृती काढून चूक समजावली. त्या घरी आम्हाला अजून तोंड दाखवता येत नाही.

उर्दू उजवीकडून, मराठी डावीकडून, आणि उर्दूतले आकडेही डावीकडून. सगळं एका ओळीत आलं की संगणक गांगरतो. आधीच्या प्रोग्रॅमनं पुस्तकांच्या नोंदकार्डावर मास्तरसाहेबांच्या पत्नीचं नाव उलटं, सुट्या अक्षरांत छापलं होतं. तेव्हा ते पेटी परत घेऊन गेले. आज पुन्हा तसं झालं असतं, तर ती कायमची गेली असती.

नवा प्रोग्रॅम भावाचा, पण त्याचा पडद्यावर विश्वास नाही. त्यानं कार्ड छापलं आणि आम्हाला शेजारी बसवलं. माझं बोट मराठीवर, डावीकडून. मास्तरसाहेबांचं उर्दूवर, उजवीकडून. मध्ये कंसात पुस्तकाचा क्रमांक; आपली भाषा संपली की त्याच्या अलीकडे थांबायचं. बोटं भिडली, म्हणजे क्रमांक मधून सरकला: चूक. पहिल्याच कार्डावर भिडली.

“बाई, तुमचं बोट माह्या हद्दीत काऊन येऊन राह्यलं?”

“कंस उलटला!” भाऊ असा आनंदानं ओरडला, जणू जिलबीच मिळाली. चौथ्या कार्डावर बोटं आपापल्या जागी थांबली. मास्तरसाहेबांनी नाव दोनदा वाचलं आणि खिशातून किल्ली काढली.

पेटीच्या तळाशी त्यांच्या पत्नीच्या हातची एक वही निघाली. एका पुठ्ठ्याकडून उर्दूत लोणच्यांच्या कृती, दुसऱ्याकडून मराठीत शेजारणींच्या ओव्या, मध्ये काही कोरी पानं. प्रोग्रॅमचा प्रश्न: पहिलं पान कोणत्या बाजूला? भावानं मास्तरसाहेबांकडे पाहिलं.

“‘दोन्हीकडून लिहिते, मधात भेटते,’ म्हने ती. राहूनच गेलं, बेटा.”

माझ्या भावानं कीबोर्डवरचा हात हळूच काढून घेतला. पेटीतल्या पुस्तकांच्या यादीत बाकी सगळ्यांवर मी खूण केली आहे. वहीचं कार्ड तेवढं अजून कोरं आहे.