बाजाराच्या दिवसाचा चहा

मधुभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा काट्यावर कापसाने भरलेली गाडी उभी होती. आर्वीच्या एका जिनिंगमध्ये मी वजनकाटा सांभाळतो. फोन त्यांच्या दुकानासमोरच्या चहावाल्याचा होता. "साहेब, मधुभाऊ गेले... शटर वर करता करता खालीच बसले. वर्ध्याले घेऊन जाऊन राह्यलो होतो, रस्त्यातच..." मी बरं म्हटलं, गाडीचं वजन लिहिलं, पावती फाडून दिली आणि मग खुर्चीवर बसलो. गाडीवाल्यानं विचारलं, "काय झालं जी?" "माझा हार्डवेअरवाला गेला," मी म्हणालो. त्याला त्यात विशेष काही वाटलं नाही. मलाही दुसरा शब्द सुचला नाही. एकमेकांना मित्र म्हणायची आमची पद्धत नव्हती.

त्यांचं दुकान माझ्या घराच्या आणि जिनिंगच्या मधोमध, एसटीच्या रस्त्यावर. जेमतेम एका खोलीचं. बाहेर फावडी, टिकाव, प्लास्टिकच्या पाइपांची वेटोळी. आत खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, नळाच्या तोट्या, पंपाचे वायसर. भिंतीवर केळझरच्या गणपतीचं कॅलेंडर, त्याच्या बाजूला बरेच खिळे ठोकलेले आणि त्यांवर काहीबाही टांगलेलं. काय पाहिजे, असं मधुभाऊ कधी विचारत नसत. "काय करायचं आहे?" असं विचारत. मी घर बांधलं तेव्हा पहिल्यांदा गेलो आणि दाराच्या बिजागऱ्या मागितल्या, तर म्हणाले, "दार कायचं आहे? सागाचं का बाभळीचं?" मी सांगितलं, तेव्हा मी मागितलेल्या परत ठेवून दुसऱ्या काढल्या. ते दार अजून कुरकुरलेलं नाही. कुणी नळाची तोटी मागायला आला की त्याला परत पाठवत, "जुनी घेऊन ये बाप्पा, मंग देतो. उगाच चार चकरा मारशीन." गिऱ्हाईक चिडायचं, पण जुनी तोटी घेऊन यायचं.

मी मोजून घेणारा माणूस. माझं कामच तसं आहे. त्यांनी मूठभर स्क्रू काउंटरवर ओतले की मी बोटानं एकेक बाजूला सारत असे, आणि ते चहावाल्याला ओरडून सांगत, "अर्धा अर्धा चहा आण रे, काटेवाल्याचं मोजणं चालू आहे, अर्धा घंटा लागते!" मागे उभी असलेली माणसं हसायची. मोजणीत दर वेळी एक जास्त निघायचा. मी तो परत करायला लागलो की म्हणत, "राहू द्या. एक पडतेच हातातून." पुढे कधीतरी मी त्यांच्याकडे मोजणं सोडून दिलं. केव्हा, ते आठवत नाही. भाजीवाल्याकडे, पेट्रोलपंपावर, बायकोनं आणलेल्या किराण्यातसुद्धा मोजतो, मधुभाऊंकडे मात्र सोडलं.

आता कुलपाचं सांगतो.

माझी आई धाकट्या भावाकडे, दिलीपकडे, रोहण्याला राहायची. शेत तिकडे, तिचा जीवही तिकडे. एकदा दिलीप तिला घरी एकटी ठेवून तळेगावच्या बाजारात गेला आणि मित्रांत रमला. इकडे आई अंगणात घसरून पडली. सकाळची पडलेली म्हातारी दिवस कलल्यावर शेजारणीला दिसली. खुबा मोडला होता. मी तिला आर्वीला आणलं आणि दवाखान्याच्या पायरीवर दिलीपला सांगितलं, "माह्या घराची पायरी चढू नको." तो तरी आलाच, दोनदा. मी आणि बायको दोघंही घरी नसताना येऊन आईच्या खाटेजवळ बसला होता. तेव्हा मी मधुभाऊंकडे गेलो. ते म्हणाले, "काय करायचं आहे?" मी म्हणालो, "दिलीप आत आला नाई पायजे, असं काहीतरी द्या."

त्यांनी हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं. मग म्हणाले, "भाऊ आहे जी तुमचा." मी म्हणालो, "तिले अंगणात पडलेली मी पाह्यली नाई, पण रोज दिसते मले." त्यांनी वरच्या फळीवरून इंटरलॉकचा डबा काढला. दार ओढलं की लागतं, बाहेरून चावीशिवाय उघडत नाही, तसलं. पाठ वळवून त्यांनी डबा उघडला, कुलूप फडक्यानं पुसलं, ऑइल दिलं आणि माझ्यापुढे ठेवलं. सोबत दोन चाव्या. "दोनच येतात यात," ते म्हणाले. "एक तुमची, एक वहिनीची. झालं." संध्याकाळी स्वतः घरी येऊन बसवून दिलं. आई खाटेवरून पाहत होती. मधुभाऊ तिला म्हणाले, "माय, आता आराम कर. सगळं बराबर होईन."

आई त्यानंतर चार वर्षं जगली. आर्वीच्या बाजाराच्या दिवशी जिनिंगमध्ये गाड्या लवकर आटोपायच्या, मी चारच्या सुमाराला मोकळा व्हायचो. बायको शिक्षिका, तिला शाळेतून यायला अवकाश असायचा. घरी निघालो की दुकानातून हाक यायची, "या काटेवाले, चहा सांगतलाय!" कधी नवी आलेली तार दाखवायची असायची, कधी एखादं बिल तपासायचं, कधी नुसतंच बसायचं. बोलता बोलता ते रस्त्याकडे पाहत. रोहण्याला जाणारी बस दुकानासमोरून गेली की म्हणत, "चला, आता निघा. माय वाट पाहून राह्यली असंन." मला वाटायचं, घड्याळाऐवजी बसवर वेळ लावणारा माणूस आहे. त्या तासाची मी आठवडाभर वाट पाहायचो, हे इथे लिहायला हरकत नाही. दिवसभर काट्यावर माझ्याशी बोलणारी माणसं फक्त वजनापुरतं बोलतात. मधुभाऊंशी मी मुलीच्या लग्नाचं, माझ्या रक्तदाबाचं, सगळं बोललो. आईचंही. बाजाराच्या दिवशी रात्री ती जेवायची नाही. "भूक नाई रे," म्हणायची. बाकी दिवस बरी जेवायची. मी घाबरलो, डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी टॉनिक लिहून दिलं. मधुभाऊंना सांगितलं तर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाची भूक आहे जी, कधी लागते, कधी नाई. नका करू चिंता." मला त्या बोलण्यानं धीर आला होता...

दोन वर्षांपूर्वी आई गेली. दिलीप माणसांसोबत आला, माणसांसोबत गेला. आमचं बोलणं झालं नाही. माझा चहा मात्र चालू राहिला. तेव्हापासून कॅलेंडरशेजारच्या खिळ्यावर लाल दोऱ्यात बांधलेली एक चावी दिसू लागली. रिकाम्या हातानं बसलेला माणूस समोरच्या भिंतीकडे पाहतोच. एकदा विचारलं, "ही कोणाची?" "आहे एका गिऱ्हाइकाची," ते म्हणाले. "नेईन तो."

मधुभाऊंच्या तेरवीला दिलीप आला होता. पंगत उठल्यावर मांडवाच्या खांबाला धरून रडत होता, नाक पुसत, लहान पोरासारखा. मला राग आला. रोहण्याहून येऊन आर्वीच्या दुकानदारासाठी एवढं रडायचं कारण काय? मग लोकांनी मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, मी आयुष्यभर मोजत आलो, मधुभाऊंच्या दुकानात मला कधी मोजावं लागलं नाही. पुष्कळांनी माना डोलावल्या. दिलीप खाली पाहत होता.

त्यानंतर शोभावहिनींनी, म्हणजे मधुभाऊंच्या पत्नीनं, निरोप पाठवला. दुकान काढून टाकायचं होतं, मालाची मोजदाद हवी होती. "भाऊजी, तुमच्याशिवाय कोणावर भरोसा ठेवू?" दोन रविवार आम्ही बसलो, मी मोजत होतो, त्या लिहून घेत होत्या. वरच्या फळीवर इंटरलॉकचे डबे निघाले, माझ्या दाराला आहे तेच. मालासोबत चाव्या पूर्ण आहेत का म्हणून मी एक उघडला. तीन चाव्या. मला वाटलं, यात चुकून एक जास्त आली. दुसरा उघडला. तीन. सगळे उघडले.

"वहिनी, कंपनी आता तीन चाव्या देऊन राह्यली का?"

"पहिल्यापासून तीनच येतात भाऊजी," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या.

"मले दोनच देल्ल्या होत्या."

त्यांनी पेन थांबवलं. मग अगदी सहज म्हणाल्या, "तुमची तिसरी दिलीपभाऊकडे होती ना. मायले भेटाले यायचे ते बाजाराच्या दिवशी, सांबारवडी घेऊन. माय गेल्यावर त्यायनं परत आणून देल्ली. हे काय, तिथंच आहे खिळ्यावर." माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "तुम्हाले माहीत नाई? मले तं वाटलं, तुमच्या तिघाइचं ठरून होतं..."

मी विचारलं, दिलीपनं केव्हा मागितली होती. त्या म्हणाल्या, "मांगतली कुठं? आमच्या यायनं कुलूप देल्लं तवाच एक काढून ठेवली होती. म्हणे, लागीन."

मी चावी खिळ्यावरून काढली आणि मोजदाद पूर्ण केली. राहिलेल्या वस्तू एकदाच मोजल्या. एरवी मी दोनदा मोजतो. घरी येऊन ती दाराला लावली. अडकली नाही. वापरातली चावी कशी फिरते ते मला कळतं.

बायकोला सांगितलं. "मले माहीत नवतं," ती म्हणाली. "पण माहीत असतं तं मीही तुम्हाले सांगतलं नसतं." म्हणजे हिशेब असा झाला, की माझ्या घरात कोण येतं हे आईला माहीत, भावाला माहीत, हार्डवेअरवाल्याला माहीत, त्याच्या बायकोला माहीत. मी मात्र आईला भूक लागावी म्हणून टॉनिक आणत होतो.

लोक मला सांगतात, त्यांनी चांगल्यासाठीच केलं. असेल. आईच्या पोटात मुलाच्या हातची सांबारवडी, आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, गेली, तिला बरं वाटलं असेल, याचं मला वाईट वाटत नाही. पण मधुभाऊंनी मला तोंडावर सांगायला हवं होतं, की काटेवाले, तुमचं चुकतं, मी त्याला चावी देणार. मी भांडलो असतो. महिनाभर दुसरीकडून खिळे आणले असते. नाहीच म्हणालो असतो, तेही मान्य. पण ते नाही म्हणायची पाळी त्यांनी माझ्यावर येऊच दिली नाही. माझं उत्तर त्यांनी स्वतःच ठरवलं आणि पाठ वळवून डबा उघडला. जो माणूस मला कायम एक जास्त द्यायचा, त्यानं एकदाच एक कमी दिलं, आणि ते नेमकं मी मोजणं सोडल्यावर. आई होती तोवर गप्प राहिले, हे एक वेळ समजू शकतो. आई गेल्यावर कुणासाठी लपवायचं होतं? दोन वर्षं ती चावी आमच्या दोघांच्या मधे टांगलेली होती, आणि खाली आम्ही चहा पीत होतो.

सगळ्यात जास्त मनाला तो चहा लागला आहे. ती हाक माझ्यासाठी होती, की दिलीपला घेऊन रोहण्याची बस जाईपर्यंत मला अडवून ठेवायला? बिल खरंच तपासायचं असायचं? माझ्या मुलीच्या लग्नाचं ते ऐकत होते, की रस्त्याकडे कान लावून होते? आई गेल्यावरही ते बोलावत राहिले, हे मी स्वतःला सांगून पाहतो. पण तेव्हाही बस गेली की, "चला, आता निघा," म्हणायचेच. सवय लागली असेल. कोणते चहा माझे होते आणि कोणते दिलीपचे, हे वेगळं करता येत नाही, आणि ज्याला विचारायचं तो माणूस राहिला नाही. तेरवीला मी जे बोललो ते अर्धंच होतं, म्हणून बाकीचं इथे लिहितो आहे.

दिलीपला मी अजून फोन केलेला नाही. कुलूप बदलायला म्हणून मोठ्या रस्त्यावरच्या नव्या दुकानात गेलो होतो. तिथे सगळं प्लास्टिकमध्ये बंद करून टांगलेलं असतं, चाव्या बाहेरूनच दिसतात, तीन. काय करायचं आहे, असं कुणी विचारलं नाही. तसाच परत आलो.

गेल्या बाजाराच्या दिवशी गाड्या लवकर आटोपल्या. चारला निघालो. मधुभाऊंचं शटर खाली होतं, चहावाल्यानं मान हलवली, हाक कुणी मारली नाही. इतक्या वर्षांत बाजाराच्या दिवशी मी पहिल्यांदाच त्या वेळेला घरी पोचलो. लाल दोऱ्याच्या चावीनं दार उघडलं. आईची खाट भिंतीला उभी लावलेली आहे. आत कुणीही नव्हतं. मी चपला न काढता तसाच दारात उभा राहिलो, रोहण्याची बस जाईपर्यंत.