दुसरा नारळ

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी चोरून ओढलेली विडी लपवता आली नाही. मग हे कसं लपलं?

वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झालं की माझा सत्कार व्हायचा. ऐंशीच्या दशकात सुरू झाला, नव्वदीतही चालूच राहिला. शाल, श्रीफळ आणि अध्यक्षांचं तेच भाषण — एकाहत्तरच्या लढाईत शत्रूची पाणबुडी बुडवणाऱ्या जहाजावर पाण्यातले आवाज टिपणारं यंत्र कानाला लावून बसलेला माणूस, तो हा आपला नाखवा! टाळ्या. मी मान खाली घालायचो. लोक म्हणायचे, किती विनयी.

विनय कसला बोडक्याचा!

ऐकणं मला घरातूनच आलेलं. मी ठाण्याच्या खाडीवरचा कोळी. बाबा वल्ह्याचं एक टोक पाण्यात सोडायचे, दुसरं कानाला लावायचे आणि खाली घोळ मासा आहे का ते सांगायचे. घोळ पाण्यात ठकठक करते. मला दहाव्या वर्षी ते शिकवलं, तेव्हाच म्हणाले होते, "घोल थांबून नाय बोलत रं. थांबून थांबून आवाज आला, तर ती घोल नाय."

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आमचे बॉम्ब पाण्याखाली फुटले, तेल वर आलं, डेकवर सगळे नाचत होते — आणि माझ्या कानात ठकठक आली. तीन ठोके. थांबले. पुन्हा तीन. साहेबांनी विचारलं, "कुछ है?" मी म्हणालो, "मछली है, साब." जहाज वळलं.

का म्हणालो? भीती वाटली? राग होता — खाली शत्रूची माणसं होती म्हणून? की खरंच घोळ वाटली? तिन्ही उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिलीत, एकही दिवसभर टिकत नाही. थांबलो असतो तरी कोणाला वर काढता आलं असतं का, तेही ठाऊक नाही. पण ठोके मी मोजले होते. मासा वाटला असता तर मोजले असते का?

सत्काराचा नारळ मी घरात कधी फोडू दिला नाही. पुढची नारळी पौर्णिमा येईपर्यंत तो कपाटावर असायचा. बायकोला वाटायचं, मानाचा म्हणून ठेवलाय. पौर्णिमेला बाबांबरोबर खाडीवर जायचो आणि घरचा एक, हा दुसरा, असे दोन नारळ पाण्यात सोडायचो. असं चार-पाच वर्षं चाललं. मग एकदा तो माझ्या हातात असतानाच त्यांनी विचारलं, "यो दुसरा कोनाचा रं?"

जगात हा एकच माणूस होता, ज्याला नुसते ठोके कसे होते एवढं सांगितलं असतं, तरी पुढचं सगळं कळलं असतं. मी वाकून नारळ पाण्यात सोडला.

"माशांचा," म्हणालो.