टक्कल आणि दोन अस्वली

आमच्या मोठ्या आत्याचा एक खाक्या आहे. घरात काही ठरवायचं असलं की डोळे मिटून प्रार्थना करायची, बायबल कुठूनही उघडायचं आणि पानावर बोट टेकवायचं. बोटाखाली येईल तो देवाचा निकाल. तात्यापारा मोहल्ल्यातलं भाड्याचं घर आम्ही याच बोटानं सोडलं, फ्रिजही याच बोटानं घेतला. बाबा गालात हसायचे, पण मोठ्या बहिणीपुढे तोंड उघडायचे नाहीत. माझ्या लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा मात्र मला त्या बोटाची भीती वाटली, कारण मुलगा मला मनापासून आवडला होता.

मुलगा वनखात्यात, नेमणूक महासमुंदकडच्या जंगलात. बोलायला मोकळा, पण तिशीतच डोकं चकाचक. पहिल्यांदा आला तेव्हा आत्या स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून हसली होती, आणि ते बाहेर बैठकीत सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

पुढच्या रविवारी उपासना आटोपून तो उत्तर ऐकायला आला. आत्यानं त्याच्यासमोरच बोट टेकवलं आणि मोठ्यानं वाचलं. गावातली पोरं एका संदेष्ट्याला टकल्या म्हणून चिडवतात, तो शाप देतो, आणि रानातून दोन अस्वली येऊन पोरांना फाडतात.

"घ्या," आत्या म्हणाली. "टक्कल बी आहे, जंगल बी आहे, अस्वलं बी आहेत. देव अजून किती साफ सांगन?"

खरं सांगते, क्षणभर मीही गार पडले. आणि बाबा चक्क बोलले.

"ताई, अवघड वचन आलं का मागचं वाचा लागते. याच माणसानं आधी एका गावाचं खराब पाणी गोड केलं. त्या लोकायनं त्याले आपलं दुःख सांगितलं, या पोट्ट्यायनं देवाच्या माणसाची टर उडवली. गोष्ट त्या टर उडवण्याची आहे, केसायची नाही. पोट्ट्यायले एवढी शिक्षा काहून, ते मलेबी समजत नाही. मग जे समजत नाही त्याच्यावर पोरीचा संसार कसा ठरवून राहिली तू?"

आत्यानं बोट पानावर तसंच दाबून धरलं. तेवढ्यात तो मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "आत्याबाई, पर गंजे को तो खरोंच भी नहीं आई. जो हँसे थे, उन्हीं को आई."

आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मला हसू आवरेना.

"जावईबापू, हाबी अर्थ सोयीचाच झाला," बाबा म्हणाले, आणि आपण काय बोलून गेलो ते त्यांना उशिरा कळलं. कान लाल झाले त्यांचे. मग ते आत्याकडे वळले.

"बोट काढ, ताई."

त्यांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुले काय वाटते?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

"हव," मी मान डोलावून म्हणाले.